एनसीएलटीची नोटीस पाठवायच्या आधी स्वतःचा मेलबॉक्स उघडा

वाचकांचे प्रश्न

यावेळची बरीचशी पत्रं एकाच दुखण्याची आहेत, माल दिला, बिलं अडकली, समोरचा काहीतरी खुसपट काढून पैसे देत नाही, मग त्याला दिवाळखोरी कायद्याखाली एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांची प्रकरणं बघणाऱ्या नॅशनल कंपनी लॉ ट्रिब्युनलमध्ये, खेचू का? बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ, आज हेच.

प्रश्न (भोसरी) : नमस्कार ताई, आमचा मशीनिंगचा छोटा कारखाना आहे, उद्यम रजिस्ट्रेशन सुरुवातीपासून आहे. चाकणच्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला पंप हाउसिंग मशीनिंग करून देतो. ११ बिलांचे मिळून १ कोटी ३२ लाख येणं आहे, सगळी बिलं गेल्या दीड वर्षातली. शेवटच्या तीन लॉटमध्ये बोअर (आतलं भोक) ओव्हरसाइज आहे असा त्यांच्या क्वालिटीच्या माणसाचा मेल आला, तोही माल पोचल्यावर सव्वा महिन्याने, आणि पाठोपाठ ४१ लाखांची डेबिट नोट, म्हणजे बिलातून तेवढे कापतोय असा कागद, आली. आम्ही ती मान्य केली नाही. त्यांनी माल परतही पाठवला नाही, लाइनवर वापरला असं त्यांच्याच स्टोअरवाल्याकडून कळलं. आमचे वकील म्हणतात कलम ८ ची नोटीस ठोका, एनसीएलटीचं नाव ऐकलं की दहा दिवसात पैसे येतात. करू का?

उत्तर : नका करू. निदान आत्ता, आहे या स्थितीत नका करू. तुमचं म्हणणं खोटं वाटतंय म्हणून नाही हं, उलट पत्र वाचून मला वाटतं तुमची बाजू चांगलीच भक्कम आहे, आणि भक्कम बाजू चुकीच्या दारात नेऊन वाया जाऊ नये म्हणून एवढं स्पष्ट सांगतेय.

आधी कायदा काय म्हणतो ते थोडक्यात बघू. हा कायदा म्हणजे इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी कोड २०१६, सगळे त्याला आयबीसी म्हणतात. त्यात माल किंवा सर्व्हिस देऊन ज्याचे पैसे अडकलेत तो ऑपरेशनल क्रेडिटर, म्हणजे तुम्ही. तुम्ही कलम ८ खाली डिमांड नोटीस द्यायची, समोरच्या कंपनीला ती मिळाल्यापासून १० दिवस मिळतात, तेवढ्यात त्यांनी एकतर पैसे द्यायचे नाहीतर या बिलांबद्दल आधीपासून वाद आहे असं कळवायचं. दोन्ही नाही केलं तर तुम्ही कलम ९ खाली एनसीएलटीत अर्ज करता. सगळी मेख त्या 'आधीपासून' मध्ये आहे. नोटीस जाण्याच्या आधी खराखुरा वाद असल्याचं कागदावर दिसलं की अर्ज तिथेच संपतो.

आणि वाद म्हणजे कोर्टात केस किंवा आर्बिट्रेशन (लवादाकडचा निवाडा) चालू पाहिजे असं काही नाही. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०१७ मध्ये मोबिलॉक्स विरुद्ध किरुसा या केसमध्ये हे कायमचं ठरवून टाकलं. एका टीव्ही शोच्या टेलिव्होटिंगच्या कामाची बिलं होती. मोबिलॉक्सने जानेवारी २०१५ मध्येच कळवलं होतं की तुम्ही गुप्ततेचा करार मोडला म्हणून पेमेंट थांबवतोय, आणि डिमांड नोटीस आली डिसेंबर २०१६ मध्ये. कोर्ट म्हणालं, वाद खरा की खोटा, कोण जिंकणार, हे ट्रिब्युनलने बघायचंच नाही, फक्त एवढंच बघायचं की वाद तपासण्यासारखा आहे की निव्वळ हवेतला, नंतर रचलेला आहे. तपासण्यासारखा असेल तर अर्ज फेटाळायचा.

आता तुमचा तो क्वालिटीचा मेल या चाळणीतून काढा. त्यात लॉट नंबर आहेत, बोअरचं माप आहे, टॉलरन्स किती आणि निघालं किती ते लिहिलंय, शेवटी 'फर्दर पेमेंट होल्ड' आहे आणि मग डेबिट नोट. तो सव्वा महिन्याने आला, चुकीचा आहे, माल तर वापरला, हे सगळं तुम्ही एनसीएलटीत सांगाल, आणि बेंच म्हणेल बरोबर असेलही पण हे ठरवायला साक्षीपुरावा लागेल, इन्स्पेक्शन रिपोर्ट लागेल, कदाचित गेज घेऊन कोणाला तरी उभं राहावं लागेल, आणि ते आमचं काम नाही. एनसीएलटी कागद बघून निकाल देते, उलटतपासणी तिथे होत नाही.

तुमच्याकडून त्या मेलला काय उत्तर गेलं ते तुम्ही लिहिलं नाहीये, पण माझ्या दृष्टीने पूर्ण पत्रात तेच सगळ्यात महत्त्वाचं. बहुतेक कारखान्यांतून 'नोटेड, चेक करून कळवतो' असं जातं, कारण पुढची ऑर्डर हातची जायला नको असते. आणि मग दोन वर्षांनी तीच एक ओळ समोरचा वकील हायलाइट करून दाखवतो, बघा यांनीसुद्धा प्रॉब्लेम नाकारला नव्हता.

तुम्ही म्हणाल ४१ लाखांचा वाद आहे ना, मग उरलेल्यावर जाऊ. १ कोटी ३२ मधून ४१ काढले की राहतात ९१ लाख, आणि २४ मार्च २०२० पासून एक कोटीच्या खालच्या थकबाकीला एनसीएलटीचं दार बंद आहे, त्याआधी मर्यादा फक्त एक लाख होती, तुमचे वकील अजून त्याच काळातल्या अनुभवावर बोलत असावेत. वाद नसलेली रक्कम स्वतःच्या जोरावर एक कोटीच्या वर असती तर निदान बोलायला जागा होती, इथे तीही नाही.

आणि नाव ऐकलं की पैसे येतात म्हणतात ना, ते कधीकधी खरं असतं, पण ते कोणाच्या बाबतीत खरं असतं ते बघा. ज्या कंपनीकडे पैसा आहे, वाद काहीच नाही, नुसती टोलवाटोलवी चाललीय, ती घाबरते, कारण अर्ज ॲडमिट झाला की डायरेक्टर बोर्डाचे अधिकार जातात आणि ट्रिब्युनलने नेमलेला रिझोल्यूशन प्रोफेशनल खुर्चीत बसतो. जिच्याकडे खरा वाद आहे ती तुमची नोटीस वकिलाकडे टाकते आणि निवांत असते. आणि जिच्याकडे पैसाच नाही ती ॲडमिट झाली तर तुमचा सगळ्यात जास्त तोटा, कारण मोरॅटोरियम, म्हणजे कंपनीविरुद्धच्या कारवाईला बंदी, लागतं, तुमची बाकीची सगळी वसुली थांबते, क्रेडिटर्स कमिटीत (पैसे येणं असणाऱ्यांच्या समितीत) मत बँकांचं, तुमचं नाही, आणि लिक्विडेशनपर्यंत, म्हणजे कंपनी विकून देणी भागवण्यापर्यंत, गेलं तर कलम ५३ च्या रांगेत खर्च, कामगार, बँका, सरकार हे सगळे झाल्यावर सप्लायर येतो. अर्ज ॲडमिट व्हायच्या आत तडजोड झाली तर तो मागे घेता येतो, पण एकदा कमिटी बसली की मागे घ्यायला ९० टक्के मतं लागतात, म्हणजे केस तुम्ही सुरू केली तरी ती तुमच्या हातात राहत नाही. शिवाय ॲडमिट झाल्यावर सुरुवातीच्या खर्चासाठी दोन-तीन लाख डिपॉझिट करायला बऱ्याचदा अर्जदारालाच सांगतात. अर्जाची फी २ हजार आहे म्हणून स्वस्त वाटतं, ते तेवढ्यावर थांबत नाही.

सुप्रीम कोर्टाने हे पुन्हापुन्हा सांगितलंय, २०१८ मध्ये आंध्रच्या ट्रान्समिशन कॉर्पोरेशनच्या केसमध्ये, २०२२ मध्ये एस. एस. इंजिनिअर्सच्या केसमध्ये, की हा कायदा वसुलीसाठी नाही, अडचणीतली कंपनी सावरण्यासाठी आहे. आणि वसुलीच्या दबावासाठी वाईट हेतूने अर्ज केला असं दिसलं तर कलम ६५ खाली एक लाखापासून एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. तुमच्यावर तशी वेळ येईल असं नाही म्हणत, पण नोटीस ठोका म्हणणाऱ्याने हे तुम्हाला सांगायला हवं होतं.

मग करायचं काय? तुम्ही मायक्रो किंवा स्मॉल असाल, आणि वर्णनावरून आहातच, तर तुमचं खरं दार एमएसएमई फॅसिलिटेशन कौन्सिलचं आहे, अर्ज ऑनलाइन जातो. तिथे वाद आहे म्हणून कोणी तुम्हाला परत पाठवत नाही, वाद सोडवायलाच ते बसलेत, आधी समेट, नाही जमला तर आर्बिट्रेशन. आणि तुमच्यासाठी त्या २००६ च्या कायद्यात एक फार मोलाची गोष्ट आहे जिच्याकडे कोणी बघत नाही. खरेदीदाराला मालाबद्दल तक्रार असेल तर ती माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी करायची, नाही केली तर माल पोचला तोच स्वीकारल्याचा दिवस धरतात. तुमचा मेल सव्वा महिन्याने आलाय! एनसीएलटीत हा उशीर तुमच्या काही कामाचा नव्हता, नोटिशीच्या आधी आला एवढंच तिथे पुरे होतं. इथे मात्र पेमेंटचं घड्याळ डिलिव्हरीपासून चालू झालं असं तुम्ही ठामपणे म्हणू शकता. ते काउंटरक्लेम (उलट दावा) करतील, तो त्यांना करता येतो, क्वालिटीवर वाद घालतील, घालू देत, पण माल परत का नाही केला आणि लाइनवर कसा चढवला याचं उत्तर तिथे त्यांना द्यावं लागेल.

पेमेंटची मुदत करारात काहीही लिहिली असली तरी ४५ दिवसांच्या वर जात नाही, करारच नसेल तर १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ. बँक रेट समजा ६ टक्के धरला तर १८ टक्के झाले. पीओच्या (पर्चेस ऑर्डरच्या) मागे बारीक अक्षरात आर्बिट्रेशन क्लॉज असेल तरी घाबरू नका, कौन्सिलचा कायदा त्याच्या वर चालतो हे सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये महाकाली फूड्सच्या केसमध्ये सांगितलंय. आणि निकाल तुमच्या बाजूने लागला व त्यांना तो कोर्टात आव्हान द्यायचा असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. वेळ लागतो हे खरं, कायद्यात ९० दिवस लिहिलेत, प्रत्यक्षात खूप जास्त जातात, म्हणून अर्ज आजच करा आणि डिलिव्हरी चलन, त्यांच्या स्टोअरचे जीआरएन (माल मिळाल्याच्या नोंदी), ई-वे बिलं, जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नची पानं, सगळं बिलवार लावून ठेवा. स्टोअरवाल्याच्या तोंडी बोलण्यावर राहू नका, त्यांच्या जीआरएनवर 'ॲक्सेप्टेड क्वांटिटी' असा कॉलम असतो, तो बघा, तिथे पूर्ण नग मांडले असतील तर त्या एका कागदाला या केसमध्ये सोन्याची किंमत आहे.

प्रश्न (नाशिक) : मॅडम, मूळ रक्कम ८४ लाख आहे पण बिलावर खाली २४ टक्के व्याज छापलेलं आहे, ते धरलं तर एक कोटीच्या वर जातं. चालेल का? नाहीतर आमच्यासारखा अजून एक सप्लायर आहे त्याचे ३० लाख, दोघं मिळून अर्ज करू.

उत्तर : दोघं मिळून नाही जमणार, बँकांना एकत्र अर्ज करता येतो, सप्लायरना नाही, प्रत्येकाची नोटीस वेगळी आणि एक कोटीची अटही प्रत्येकाला वेगळी. व्याजाचं जमू शकतं. बिलावर व्याजाची अट असेल तर ते धरून मर्यादा ओलांडता येते असं एनसीएलटीच्या वरच्या अपिलेट ट्रिब्युनलने २०२२ मध्ये म्हटलंय, पण समोरचा लगेच म्हणणार की बिल तुम्ही छापलं, आम्ही कुठे मान्य केलं, पीओमध्ये तर व्याजाचा शब्द नाही. आधीच्या एखाद्या उशिराच्या पेमेंटला त्यांनी व्याज दिलं असेल किंवा तुम्ही व्याजाची डेबिट नोट पाठवलेली आणि ती त्यांच्या लेजरला आली असेल तर ते शोधा. तसं काहीच नसेल आणि निव्वळ आकडा गाठायला आज पहिल्यांदा व्याज लावताय असं दिसलं तर तो अर्ज टिकणं अवघड.

तारखाही तपासा. प्रत्येक बिलाला ड्यू डेटपासून तीन वर्षांची मुदत, मधे त्यांनी सही करून बॅलन्स कन्फर्मेशन दिलं असेल किंवा काही रक्कम भरली असेल तर ती तिथून नव्याने धरता येते, मात्र हे त्या तीन वर्षांच्या आत झालेलं पाहिजे. आणि २५ मार्च २०२० पासून पुढचं एक वर्ष, म्हणजे कोविडच्या काळात जे डिफॉल्ट झाले, त्यांच्यावर एनसीएलटीत कधीच जाता येत नाही. ती बिलं मेली असं नाही, फक्त या दाराने जाता येत नाही.

प्रश्न (इचलकरंजी) : ताई, सुताचा व्यापार आहे. एका पार्टनरशिप फर्मकडे ६२ लाख अडकलेत, दोन चेक परत आलेत. दिवाळखोरीची केस लावता येईल का?

उत्तर : नाही. या कायद्याचा हा मार्ग कंपनी आणि एलएलपीपुरता आहे, साध्या पार्टनरशिप फर्मला किंवा प्रोप्रायटरला तिथे ओढता येत नाही. आणि तुम्ही व्यापारी आहात, माल बनवत नाही, त्यामुळे फॅसिलिटेशन कौन्सिलचाही भरवसा धरू नका, २०२१ मध्ये व्यापाऱ्यांना उद्यममध्ये घेतलं ते फक्त बँकांच्या प्रायॉरिटी कर्जासाठी, उशिराच्या पेमेंटच्या तरतुदींसाठी नाही, हे अनेकांना अर्ज फेटाळल्यावर कळतं.

पण तुमची जमेची बाजू ही की फर्मचे पार्टनर स्वतःच्या मालमत्तेनिशी जबाबदार असतात, कंपनीच्या डायरेक्टरसारखे हात झटकू शकत नाहीत. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत चेक बाउन्सच्या कलम १३८ ची नोटीस गेलीच पाहिजे, मग त्यांना १५ दिवस, त्यानंतर महिन्याभरात तक्रार. तारखा आजच कॅलेंडरवर लिहा, इथे एका दिवसाचा उशीरही महागात पडतो. जोडीला दिवाणी कोर्टात ऑर्डर ३७ चा समरी (झटपट) दावा, त्यात समोरच्याला बचाव करायला आधी कोर्टाची परवानगी लागते. तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर कमर्शियल दाव्याआधी मेडिएशन सक्तीचं आहे, ते टाळून दावा टाकला तर परत येतो.

प्रश्न (अंबड, नाशिक) : आमचा उलटा प्रश्न आहे. आमच्याच कंपनीला एका सप्लायरने १ कोटी १० लाखांची कलम ८ ची नोटीस पाठवलीय. त्याचं अर्धं मटेरियल खराब निघालं, आम्ही फोनवर खूप वेळा सांगितलं, लेखी फारसं काही नाही. काय करू?

उत्तर : आधी नोटीस मिळाल्याची तारीख बघा आणि १० दिवसांच्या आत उत्तर द्या, चुकलात तर सगळंच संपतं असं नाही पण उत्तर न देणारी कंपनी बेंचसमोर उभी राहिली की पहिलाच प्रश्न हाच येतो. फोनवर सांगितलं त्याचा मागमूस कुठेतरी असतोच, शोधा. स्टोअरच्या सुपरवायझरच्या व्हॉट्सअॅपवर क्रॅक गेलेल्या पार्टचे फोटो आणि खाली 'साहेब हे बघा काय पाठवलंय' असं सप्लायरच्या माणसाला पाठवलेलं असेल, इनवर्ड इन्स्पेक्शनच्या रजिस्टरला लाल पेनने शेरा असेल, रिप्लेसमेंटचं चलन असेल, गेटपासवर 'रिजेक्टेड मटेरियल रिटर्न' असेल. नोटिशीच्या तारखेआधीचं हे सगळं तुमच्या उत्तराला जोडा.

काय करू नका तेही सांगते. आज बसून मागच्या तारखेची डेबिट नोट बनवू नका. मेलला स्वतःची तारीख असते, टॅलीला एडिट लॉग असतो, ती डेबिट नोट सप्लायरकडे कधी पोचलीच नाही हे पहिल्याच तारखेला उघड होतं, आणि मग तुमचा जो खरा वाद आहे त्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. आणि जेवढ्या मालाबद्दल तक्रार नाही तेवढे पैसे देऊन टाका, खरंच. त्याचाही धंदा आहे, त्यालाही शनिवारी पगार करायचे असतात, आणि कायद्याच्या बाजूने बघितलं तरी उरलेली रक्कम एक कोटीच्या खाली गेली की अर्ज करायला त्याला जागाच राहत नाही.

प्रश्न (वेर्णा, गोवा) : आम्ही एका औषध कंपनीला कार्टन पुरवतो. आमची केस कौन्सिलमध्ये चालू होती, तेवढ्यात बँकेने त्या कंपनीला एनसीएलटीत नेलं आणि ॲडमिटही झालं. आता आमचे ४८ लाख गेले का?

उत्तर : लगेच गेले म्हणू नका, पण कौन्सिलची केस आता थांबेल, मोरॅटोरियम सगळ्यांना लागू. तुमचा क्लेम रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे फॉर्म बी या सप्लायरसाठीच्या फॉर्ममध्ये द्या. इथे एक कोटीची अट नाही, ती फक्त अर्ज करणाऱ्याला. पेपरमधल्या जाहीर नोटिशीत शेवटची तारीख दिलेली असते, तीच पाळा, उशीर झाला तर नियमांत साधारण ९० दिवसांपर्यंत सोय आहे पण त्यावर विसंबून राहू नका. क्लेममध्ये कौन्सिलकडचे कागद, व्याजाचा हिशोब, सगळं घाला. त्यांनी रक्कम कापली तर कारण लेखी मागा, पटलं नाही तर एनसीएलटीच्या मुंबई बेंचकडे जाता येतं, गोव्यात रजिस्टर्ड ऑफिस असलेल्या कंपन्यांची केस तिथेच चालते.

जुन्या ४८ लाखांत किती मिळतील ते रिझोल्यूशन प्लॅनवर, म्हणजे कंपनी सावरण्याच्या मंजूर योजनेवर, ठरेल, आणि सप्लायरच्या वाट्याला कायद्याने हमखास मिळणारं फार थोडं असतं, कित्येकदा शून्य, हे मनाशी धरूनच पुढचे व्यवहार ठरवा. पण कंपनी चालू असेल आणि कार्टन लागत असतील तर आता जे पुरवाल ते प्रक्रियेचा खर्च म्हणून धरलं जातं आणि त्याचे पैसे बँकांच्याही आधी येतात. म्हणून नवीन ऑर्डर रिझोल्यूशन प्रोफेशनलच्या सहीने लेखी घ्या, जुन्या आणि नव्या बिलांचं लेजर वेगळं करा, आणि क्रेडिट द्यायचंच असेल तर आठवड्याचं द्या, महिन्याचं नको.